कलाबाईच्या साक्षीत गोळ्या नव्हत्या

मेहरूणच्या तलावामागे पत्र्याचा एक हॉल आहे. आठवडाभर तिथे मंडपवाल्याच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असतात आणि रविवारी सकाळी त्याच खुर्च्या मांडून माणसं देवाचं नाव घेतात. त्या हॉलात कलाबाईइतकी कान देऊन ऐकली जाणारी बाई दुसरी नव्हती. पास्टर चंदन तासभर उपदेश करायचे तेव्हा मागच्या रांगेत डुलक्या चालायच्या, लेकरं चिवड्याच्या पुड्या फोडायची. पण "आता साक्षीची वेळ" असं म्हटलं आणि कलाबाई पदर सावरत उठली, की पुडीचा आवाजसुद्धा बंद.

साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी जे केलं ते उभं राहून चारचौघांत सांगायचं. कोणाच्या मुलाची दारू सुटलेली असते, कोणाचं कोर्टातलं भांडण मिटलेलं असतं. दारू पुढच्या महिन्यात परत लागते ती गोष्ट वेगळी, ती साक्षीत येत नाही. कलाबाईची साक्ष मात्र मरणाच्या दारातून परत आल्याची होती. तिच्यापुढे बाकीच्यांची दारू आणि कोर्ट फिकंच पडायचं.

कलाबाई मूळची चोपड्याकडची. शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धी. लग्न होऊन जळगावला आली. नवरा चिंधा हमाली करायचा, तो लवकरच गेला. पदरात एक मुलगा, युवराज. मग पंधरा वर्षं तिने दालमिलमध्ये डाळ निवडली. खडा बाजूला, काळा दाणा बाजूला, सालपट बाजूला. एवढ्या वर्षांत तिला कोणी काही विचारलंच असेल तर "आज किती पोती झाली?" एवढंच. तिला काय वाटतं, तिचं काय दुखतं, हे विचारायला कोणाला फुरसत नव्हती, आणि तिलाही सांगायची सवय नव्हती.

सहा वर्षांपूर्वी ती खोकायला लागली. दिवसभर डाळीचा भुगा नाकातोंडात जाणाऱ्या बाईला खोकला येणार नाही तर काय गाणं येणार? म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मग एके दिवशी पदराला रक्त लागलं. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, टीबी निघाला. सहा महिने गोळ्या. वस्तीतल्या आशा सेविका, प्रज्ञाताई त्यांचं नाव, त्या गोळ्या घरी आणून द्यायच्या आणि समोर उभं राहून गिळायला लावायच्या. पहिल्याच दिवशी लघवी लाल झाली तेव्हा कलाबाईने बोंब ठोकली. "मेले वं माय!" प्रज्ञाताई हसून म्हणाल्या, "अक्का, तो गोळीचा रंग आहे. तुमचं रक्त एवढं स्वस्त नाही."

त्याच दिवसांत पास्टरांची बायको, सविताताई, वस्तीत घरोघर जात असत. त्या दर मंगळवारी कलाबाईकडे येऊन प्रार्थना करून जाऊ लागल्या. कलाबाईला येशू कोण ते धड ठाऊक नव्हतं. पण मंगळवारची ती वाट बघायची. चौथ्या महिन्यात अंगावर मांस आलं, सहाव्या महिन्यात दवाखान्याने सांगितलं, झाला तुमचा टीबी बरा. त्याच रविवारी ती हॉलात उभी राहिली आणि तिने पहिली साक्ष दिली. त्या साक्षीत प्रार्थना होती आणि गोळ्याही होत्या.

उपासना संपल्यावर सविताताईंनी तिला बाजूला घेतलं.

"कलाबाई, छान बोललात. फक्त ते गोळ्यांचं जरा कमी करा. महिमा देवाला जायला हवा, दवाखान्याला नको."

"पण घेतल्या ना मी?"

"घेतल्याच की. नाही घेतल्या असं कुठे म्हणायचंय? नुसतं बोलायचं नाही, एवढंच."

कलाबाईला ते पटलं. देवापुढे गोळीचं काय घेऊन बसायचं? पुढच्या वेळी गोळ्या एका वाक्यात आल्या, त्याच्या पुढच्या वेळी त्याही गळाल्या. डाळीतून खडा काढावा तशा काढल्या, आणि साक्ष कशी स्वच्छ, पिवळीधमक दिसायला लागली.

मग धुळ्याला मोठा मेळावा भरला. साक्री रस्त्याला मांडव, दोन हजार माणूस, आणि कलाबाईच्या हातात माइक. तिचा स्वतःचा आवाज चारी बाजूंनी तिच्याच अंगावर आला. दोन हजार माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. पंधरा वर्षं खाली मान घालून बसलेल्या बाईचं काय झालं असेल ते ज्याचं त्याने समजावं. ती बोलत गेली, आणि बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टरांनी हात टेकले होते! म्हणाले, बाई, घरी जा, आता तुझा देवच!"

असं कोणी म्हटलं नव्हतं. पण मांडव असा काही गर्जला की कलाबाईला क्षणभर वाटलं, म्हटलंच असेल कोणीतरी.

घरी आल्यावर युवराजने विचारलं, "माय, कोणत्या डॉक्टरने हात टेकले गं? मला दाखव तरी, रिक्षात फुकट फिरवून आणतो त्याला."

"चूप बस मेल्या. तुला देवाचं काय कळतं?"

युवराज चूप बसला. रिक्षावाल्याला गिऱ्हाइकाशी वाद घालायची सवय नसते, त्यातून हे गिऱ्हाईक घरचं.

त्या मांडवात भिकुबाई बसली होती. धुळ्याजवळच्या खेड्यातली, शेतमजुरी करणारी, पंचेचाळिशीतली बाई, जिभेची तिखट. नवरा भटू दुसरीला घरात घेऊन आला होता आणि भिकुबाई त्याच घरात दोघांच्या भाकरी थापत होती. मेळावा सुटल्यावर ती गर्दीतून वाट काढत आली आणि तिने कलाबाईचा हात असा धरला की बांगडी पिचली.

"तुले मरनमधून काढं त्याने," ती म्हणाली, "मंग माले त्या घरमधून नही काढाव का?"

आणि खरंच निघाली. मुलगी मेघा तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला घेऊन भिकुबाई जळगावला आली. कलाबाईने तिला दालमिलमध्ये लावलं, शेजारची खोली बघून दिली. गिरणेच्या पात्रात गुडघाभर पाण्यात पास्टरांनी तिला पाठीवर निजवून बाप्तिस्मा दिला. वर येताच ती ओरडली, "पास्टर, पानी नाकमा गयं ना!" सगळे हसले. पण त्या दिवसापासून भिकुबाई कोणाच्या घरात मान खाली घालून राहिली नाही. मुकादमाने अरे-तुरे केलं तर डाळ पाखडायचं सूप खाली ठेवून विचारायची, "देवनी माले लेक म्हटलं शे, तू कोन रे?" कलाबाई मनात म्हणायची, विश्वास विश्वास म्हणतात तो हिचा. आपला तर नुसता आवाज मोठा.

शेजारी बसून डाळ निवडता निवडता तीन वर्षं गेली. गेल्या दिवाळीनंतर भिकुबाई खोकायला लागली.

थुंकी तपासली. तेच निघालं. प्रज्ञाताईंनी गोळ्या सुरू केल्या, कलाबाईने सुटकेचा श्वास टाकला. सहा महिन्यांची तर गोष्ट. तिसरा महिना लागला आणि एका दुपारी प्रज्ञाताई कलाबाईच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या बौद्ध वस्तीतल्या, कोणाच्या देवाधर्मात कधी पडत नसत. पण आज बाईंचा चेहरा उतरला होता.

"अक्का, भिकुबाईने महिन्यापासून गोळ्या सोडल्यात. माझ्यासमोर तोंडात टाकते आणि मी वळले की थुंकते. मेघाने मोरीत सापडलेल्या दाखवल्या मला."

"अगंबाई! का पण?"

"का? तुमचं नाव सांगते. म्हणते, कलाने एक गोळी न खाता टीबी घालवला, मी खाल्ली तर माझा विश्वास कच्चा ठरेल." प्रज्ञाताईंनी पिशवी उंबऱ्यावर टेकवली. "अक्का, सहा महिने रोज मी तुम्हाला पाण्याचा पेला धरून दिला होता. आठवतं ना?"

ती तशीच उठून भिकुबाईकडे गेली.

भिकुबाई भिंतीला टेकून बसली होती. गालांची हाडं वर आली होती, डोळे मात्र चमकत होते. मेघा चुलीपाशी होती. सतरा वर्षांची मुलगी, साड्यांच्या दुकानात कामाला जायची, आता आईसाठी घरी राहत होती.

"भिकू," कलाबाई म्हणाली, "मी तुले खरं सांगस. मी गोळ्या खायेल शेतस. सहा महिने, एक दिवस न चुकता. डॉक्टरने हात टेकले ते पण खोटं. तू गोळी घे माय, पाया पडते तुझ्या."

भिकुबाईने तिच्याकडे पाहिलं, आणि चक्क हसली. एखाद्या नादान लेकराकडे बघून हसावं तशी.

"तुले भूल पडेल शे, कला. सैतान लागेल शे तुना मांगे. मनी परीक्षा पाही ऱ्हायना तो."

"अगं, मीच सांगते आहे ना? माझ्याच तोंडाने!"

"मेघा, मोबाईल दे."

मेघाने मुकाट्याने मोबाईल दिला. भिकुबाईला त्यात दुसरं काही लावता येत नव्हतं, हे एक येत होतं. धुळ्याच्या मेळाव्यात कोणीतरी केलेला व्हिडिओ. काचेत कलाबाई उभी होती, निळं लुगडं, हातात माइक, आणि खोलीभर तिचा आवाज घुमला, "डॉक्टरांनी हात टेकले होते!"

"हाई कला खरी शे," भिकुबाई काचेवर बोट ठेवून म्हणाली. "तू नही."

मेघा कलाबाईला दारापर्यंत सोडायला आली. "मावशी, रोज दहादा बघते ती हा. मी रडून सांगितलं, भांडून सांगितलं. माझं ऐकत नाही. आता तुझंही ऐकत नाही." मग ती हळूच म्हणाली, "तू सगळ्यांसमोर सांग ना. हॉलात. तिथे सांगितलेलंच तिला खरं वाटतं."

मेघाचं म्हणणं सोपं होतं. कलाबाई त्या रविवारी हॉलात गेली, आणि बसून राहिली.

हे लिहायला कडू आहे, पण झालं तसंच. साक्षीची वेळ आली, पास्टरांनी तिच्याकडे बघितलं, तिने मान हलवून नको म्हटलं. दुसऱ्या रविवारी तिने ठरवलंच होतं, पण अमळनेरहून पाहुणे आले होते आणि सविताताईंनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "ह्याच त्या कलाबाई." पाहुणीने तिच्या हाताला कपाळ लावलं. त्या कपाळाचा भार कलाबाईला उचलवेना. ती त्याही दिवशी गप्प. तिसऱ्या रविवारी डोकं दुखतंय म्हणून ती गेलीच नाही. माणसाला आयुष्यात एकदा उंच बसायला मिळालं की खाली उतरायला पाय सापडत नाहीत. तीन रविवार. त्या एकवीस दिवसांत भिकुबाईला उठून मोरीपर्यंत जाणं होईना झालं.

मग कलाबाई पास्टरांच्या घरी गेली. पास्टर चंदन वाईट माणूस नव्हता. नंदुरबारकडून आलेला, चाळिशीचा, दमेकरी आईला रोज हाताने आंघोळ घालणारा. त्याने सगळं ऐकलं आणि कपाळ चोळलं.

"कलाबाई, मी कोणाला गोळ्या सोडा असं सांगितलं का? कधी तरी?"

"नाही सांगितलं पास्टर. पण सोडू नका असंही नाही सांगितलं."

"तुम्ही आता उभं राहून हे बोललात तर काय होईल, विचार केला का? नवी माणसं आहेत. कच्ची आहेत. म्हणतील हे खोटं तर बाकीचंही खोटं."

"मग भिकूला काय करू?"

"या रविवारी तिला इथे आणा. आपण कपाळाला तेल लावून प्रार्थना करू. मग मी स्वतः तिला समजावतो, एकटीला. औषध घे म्हणून सांगतो."

"माझंच ऐकलं नाही एकटीला. तुमचं ऐकेल?"

पास्टरने पुन्हा कपाळ चोळलं. आतल्या दारात सविताताई उभ्या होत्या. त्या सगळं ऐकत होत्या.

रविवारी युवराजच्या रिक्षातून भिकुबाईला आणली. मेघाने आणि कलाबाईने दोन बाजूंनी धरून तिला पहिल्या रांगेत बसवलं. तिचं लुगडं खुर्चीवर नुसतं टाकल्यासारखं दिसत होतं. गाणी झाली, पास्टरांनी तेलाची वाटी हातात घेतली, आणि म्हणाले, "आपली बहीण भिकुबाई मोठ्या विश्वासाने..."

कलाबाई उठली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"पास्टर, थांबा. मला साक्ष द्यायची आहे."

"कलाबाई, नंतर..."

"नंतर नाही." ती वळून माणसांकडे तोंड करून उभी राहिली. "जय ख्रिस्त. माझी साक्ष तुम्ही पुष्कळदा ऐकली. ती अर्धी होती. उरलेली अर्धी आज सांगते. मला टीबी झाला तेव्हा मी सहा महिने सरकारी गोळ्या खाल्ल्या. त्यांनी मी बरी झाले. कोणत्या डॉक्टरने हात टेकले नव्हते. ते मी धुळ्याला माझ्या मनाने लावलं. टाळ्यांसाठी लावलं."

हॉलात कुजबुज उठली. मागून एक जण म्हणाला, "बसवा त्या बाईला." कोणीतरी ढोलकीवर थाप टाकली, दोघीतिघींनी गाणं उचललं, आवाजात आवाज बुडवायला. तेवढ्यात सविताताई पुढे आल्या.

"ढोलकी थांबवा," त्या म्हणाल्या. "बोलू द्या त्यांना. गोळ्यांचं बोलू नका असं मीच सांगितलं होतं."

ढोलकी थांबली. आता कलाबाईला रडू येत होतं, पण ती बोलत राहिली.

"तुम्ही म्हणाल, मग देवाने तुझं काय केलं? सांगते. मला टीबी निघाला तेव्हा घरात माझं ताट वेगळं केलं होतं. उंबऱ्याबाहेर ठेवायचे. भाकर वरून टाकायचे. एका मंगळवारी मी जेवत होते आणि या सविताताई आल्या. खाली जमिनीवर बसल्या, आणि माझ्या ताटातली भाकर मोडून खाल्ली. भूक लागली होती म्हणाल्या. मी मनात म्हटलं, हिला हे ज्याने शिकवलं तो मला पाहिजे. माझा चमत्कार एवढाच. हा मी कधी सांगितला नाही, कारण यात कोणी ओरडलं नसतं. आणि मुलाची लाज गेली असती."

युवराज दाराशी उभा होता. तो बाहेर जाऊन रिक्षाच्या आरशाला फडका मारत बसला.

"भिकू," कलाबाई तिच्यापुढे खाली बसली, "आता तर ऐक. गोळी घे."

भिकुबाईने पुष्कळ वेळ तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांतली ती चमक कुठेतरी विझत चालली होती, आणि ती विझताना बघणं कलाबाईला त्या गाण्यापेक्षा, त्या कुजबुजीपेक्षा जड गेलं. मग भिकुबाई क्षीण आवाजात म्हणाली,

"मंग माले कसाले बलायं आठे?"

कशाला बोलावलं इथे, हे तिने कलाबाईलाच विचारलं होतं, पण ऐकलं सगळ्या हॉलाने. पास्टरांच्या हातातली तेलाची वाटी तशीच राहिली.

हॉलातून रिक्षा सरळ सरकारी दवाखान्यात गेली. भिकुबाई नाही म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही. वजन भरलं एकतीस किलो. तरुण डॉक्टरणीने छातीचा फोटो उजेडाला धरला आणि मेघाला विचारलं, "मध्ये गोळ्या कधी सोडल्या होत्या?" मेघाने सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली, आता साध्या गोळ्यांना हा रोग जुमानणार नाही, दुसऱ्या सुरू करू, पण फार उशीर झालाय. तीन रविवार आधी आणली असती तर, असं काही ती बोलली नाही. ते कलाबाईचं कलाबाईनेच धरलं.

एकोणीस दिवस भिकुबाई वॉर्डात होती. कलाबाई रोज कामावरून सुटून यायची, तोंडाला फडकं बांधून दाराजवळच्या बाकावर बसायची. पहिले दहा-बारा दिवस भिकुबाईने तिच्याकडे तोंड केलं नाही. गोळ्या मात्र घ्यायची, मेघाच्या हातून, मुकाट. सविताताई दोनदा येऊन गेल्या. हॉलाच्या मंडळीतलं दुसरं कोणी आलं नाही. काही घरं तर त्या रविवारनंतर दुसऱ्या हॉलात जाऊ लागली होती, जिथे साक्षी अजून पुऱ्या होत्या.

एका दुपारी कलाबाईने सुटी टाकली होती. मेघा खाली चहा आणायला गेली होती. भिकुबाईने मान वळवली आणि बोटाने तिला जवळ बोलावलं.

"तू खोटं बोलनी," ती म्हणाली. श्वास मध्ये मध्ये तुटत होता. "पन मी रोज त्यानासंगे बोलस. त्या घरमधून निंघनू तैपासून. ते बी खोटं शे का?"

"नाही गं," कलाबाई घाईने म्हणाली. "ते कसं खोटं असेल?"

"तुले काय म्हाईत?"

कलाबाईच्या ओठांवर पुष्कळ तयार वाक्यं आली. हॉलात शिकलेली, मांडवात म्हटलेली. तिने ती सगळी गिळली.

"मला नाही माहीत, भिकू."

"हां," भिकुबाईने डोळे मिटले. "आते खरं बोलनी."

थोड्या वेळाने तिने हात पुढे केला. हात म्हणजे नुसती काडी. "प्रार्थना कर. बरी कर म्हनू नको. ते मी सांगेल शे त्याले."

कलाबाईने तो हात धरला आणि डोळे मिटले. आणि तिच्या लक्षात आलं की तिला प्रार्थनाच येत नाही. इतकी वर्षं तिने जे म्हटलं ते सगळं दे, कर, वाचव, काढ असंच होतं. ते बाजूला केल्यावर तोंडात काही उरलंच नाही. शेजारच्या खाटेवरची म्हातारी खोकत होती, नर्स कोणाला तरी ओरडत होती. बऱ्याच वेळाने कलाबाई म्हणाली,

"देवा, ही भिकू. ही इथे आहे. मी पण इथे आहे."

पुढे काही सुचलं नाही.

"ऱ्हाऊ दे," भिकुबाई म्हणाली. "एवढामा सगळं ई गयं."

दोन दिवसांनी, गुरुवारी, भर दुपारी ती गेली.

भटूला निरोप धाडला होता, तो आला नाही. पुरायला मंडळीची पंधरा-वीस माणसं आली. पास्टर चंदननी बायबलातलं वचन वाचलं. मग रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारलं, गेलेल्या बहिणीबद्दल कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का? सगळ्यांची नजर सवयीने कलाबाईकडे वळली. तिने पाऊल उचललंही होतं.

"मावशी," मेघा म्हणाली. ती रडत नव्हती. "तू बोलू नको. आता तू काहीच बोलू नको."

कलाबाईने पाऊल मागे घेतलं. नुसता फावड्याचा आवाज येत राहिला.

त्यानंतर हॉलात एक बदल झाला. आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू करायच्या आधी पास्टर आता म्हणतात, "औषध चालू असेल तर सोडायचं नाही." आवाज जरा खाली आणून म्हणतात, पण म्हणतात. कलाबाई मागच्या रांगेत बसते. तिला साक्षीला कोणी बोलावत नाही. ती तिथे जाते तरी कशाला, असं युवराजने एकदा विचारलं. ती म्हणाली, "भिकूने देवाची गाठ घालून दिली ना, म्हणून जाते." युवराजला वाटलं, मायच्या बोलण्यात काहीतरी उलटसुलट झालंय. गाठ तर मायनेच घालून दिली होती. पण त्याने काही म्हटलं नाही. घरी तो आता तिच्याच ताटात जेवायला बसतो, ते तिला आवडतं की नाही हे मात्र तो विचारत नाही.

मेघाची तपासणी राहिली होती. आईजवळ राहिलेल्या माणसाची करावीच लागते. ती टाळत होती. आधी म्हणाली, आईचं होऊ द्या, मग बघू; नंतर म्हणाली, दुकानातून सुटी मिळत नाही. शेवटी प्रज्ञाताईंनी दिवस ठरवला. आदल्या दिवशी कलाबाई तिच्या दारात गेली.

"मी येऊ का सोबत?"

"नको."

"बरं."

तरी ती गेली. आत नाही गेली. रस्त्याच्या पलीकडे एका रसवंतीच्या बाकावर बसून राहिली. रसवंतीवाल्याने दोनदा विचारलं, आजी, रस देऊ? तिने तिसऱ्यांदा घेतला आणि प्यायचा विसरली. ऊन चढत गेलं. फाटकातून माणसं आत जात होती, बाहेर येत होती.

अकराच्या सुमाराला मेघा बाहेर आली. हातात कागद होता, मागे प्रज्ञाताई. मेघाने रस्त्यापलीकडे पाहिलं आणि तिला कलाबाई दिसली. ती थांबली. दोघींच्या मधून एक ट्रॅक्टर गेला, केळीच्या घडांनी भरलेला, मग दोन रिक्षा. मग मेघाने मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. काही निघालं नाही.

एवढं सांगून ती वळली आणि प्रज्ञाताईंच्या मागे चालू लागली. परत वळून तिने पाहिलं नाही, हाक मारली नाही.

कलाबाईने पदरात तोंड झाकून घेतलं. रसवंतीवाला म्हणाला, "आजी, बरं वाटत नाही का? कोणाला फोन लावू?"

"नको बाबा," ती म्हणाली. "बरं वाटतंय."

मग गरम झालेला रस संपवून ती उठली. अर्धा दिवस अजून बाकी होता. ती दालमिलकडे निघाली.